निंदण, डवरणी आणि निंबोळी : यवतमाळ जिल्ह्यातील तण-कीड राखणीचा इतिहास

कपाशी पहिले दीड-दोन महिने सावकाश वाढते आणि तेवढ्यात तण तिच्या डोक्यावर जाते. त्यामुळे यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे १९०५ पर्यंतच्या वणी जिल्ह्यात, खरिपाचे बरेचसे कष्ट तण आवरण्यातच जात आले आहेत. तणनाशके नव्हती तेव्हा कामाची सुरुवात उन्हाळ्यात होई. वखराच्या पाळ्या देऊन हरळी आणि कुंद्याच्या काशा वर काढायच्या, वेचून बांधावर टाकायच्या आणि मे महिन्याच्या उन्हात वाळू द्यायच्या. पेरणीनंतर तासांमधून बैलांचा डवरा, म्हणजे कोळपे, फिरे. झाडाच्या बुडाशी उरलेले तण डवऱ्याला सापडत नाही. ते बायका आपापली पाथ धरून इळ्याने किंवा खुरप्याने निंदत. बी चौकोनी अंतरावर टोबले की डवरा उभा-आडवा दोन्हीकडून चालतो, म्हणून चौफुली लागवडीत निंदणाचा भार पुष्कळ कमी होई. डवऱ्याने ओलही टिकते. पावसाने ताण दिला की काळी जमीन भेगाळते. वरचा थर मोकळा केल्याने भेगा बुजतात आणि खालचे पाणी उडून जात नाही. कोरडवाहू मुलखात या गुणाचे मोल तण काढण्याइतकेच होते.

उपटलेले सगळेच तण टाकून दिले जात नसे. कोवळा तरोटा, घोळ, तांदुळजा यांची भाजी होई, उरलेले जनावरांपुढे जाई.

किडीची राखण पेरणीच्या मांडणीतच होती. कपाशीच्या ठरावीक ओळींनंतर तुरीची ओळ, मधे ज्वारी, मूग, उडीद किंवा बरबटी (चवळी), कडेला अंबाडी अशी मिश्र पेरणी असे. बरबटीवर मावा लवकर येतो. त्याच्यावर जगणारे ढालकिडे तिथे वाढतात आणि पुढे कपाशीवरचा मावाही खातात. तूर आणि ज्वारी पक्ष्यांना बसायला जागा देतात, आणि पक्षी अळ्या वेचतात. गावरानी कापसाचे उत्पन्न कमी आणि धागा आखूड होता, पण तो तुडतुड्यांना सहज बळी पडत नसे. परसबागेत, मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या वांग्यांवर आणि वालाच्या वेलांवर, सकाळी दव असताना चुलीची राख भुरभुरली जाई. घरात साठवणीच्या धान्यात कडुलिंबाचा पाला असे.

ही घडी संकरित कापसाने मोडली. १९७० मध्ये सुरतहून एच-४ हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस आला. उत्पन्न वाढले, पण खत, पाणी आणि औषध यांची भूकही वाढली. १९८० च्या दशकात कृत्रिम पायरेथ्रॉइड औषधांचा वापर पसरला. पुढच्या दशकात हिरवी बोंडअळी त्यांना जुमानेनाशी झाली. २००२ मध्ये बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि बोंडअळीवरच्या फवारण्या काही वर्षे घटल्या. पण मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांच्यावर बीटीचा परिणाम होत नाही, आणि २०१७ पर्यंत गुलाबी बोंडअळीनेही बीटीवर मात केली होती. त्याच हंगामात माणसाच्या डोक्याइतक्या उंच, दाट कपाशीत फवारणी करताना जिल्ह्यातील शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक जण दगावले. तोंडावर साधा रुमाल बांधून, दोन-तीन औषधे एकत्र करून फवारणाऱ्या मजुराला त्या औषधाची पुरती माहिती कोणी दिलेली नव्हती. ही हानी टाळता येण्याजोगी होती.

विषमुक्त शेतीचा प्रयत्न मात्र जिल्ह्यात त्याआधीच सुरू झाला होता. छोटी गुजरीचे सुभाष शर्मा यांनी १९९४ मध्ये रासायनिक शेती सोडली आणि गाय, झाडे, पक्षी व पालापाचोळा यांच्या आधारावर शेती उभी केली. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. २०१८ मध्ये अकोल्यात मुख्यालय असलेले डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन सुरू झाले. यवतमाळ त्याच्या सुरुवातीच्या सहा जिल्ह्यांपैकी एक होते.

विषमुक्त शेतीतले सर्वांत रुळलेले औषध म्हणजे निंबोळी अर्क. पावसाळ्याच्या तोंडाला गळालेल्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवतात. पाच किलो बियांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून गाळतात, साबणाचे पाणी मिसळतात आणि शंभर लिटरपर्यंत पाणी घालतात. अर्काने कीड लगेच मरत नाही; ती खाणे सोडते आणि तिची कात नीट पडत नाही. उन्हात त्यातले अ‍ॅझाडिरेक्टिन हे गुणकारी द्रव्य लवकर विघटित होते, म्हणून फवारा संध्याकाळी मारतात. दशपर्णी अर्काला कडुलिंब, सीताफळ, निर्गुडी, करंज, रुई अशा दहा झाडांचा पाला लागतो आणि तो महिनाभर कुजवावा लागतो.

किडीला असे उपाय मिळाले, तणाला तितके सोपे उत्तर सापडलेले नाही. निंदायला मजूर मिळत नाहीत, बैलजोड्या कमी झाल्या आहेत. म्हणूनच तणनाशक सहन करणारे, परवानगी नसलेले ‘चोर बीटी’ बियाणे अनेक शेतांत पोचले. परसबागेत हा प्रश्न तितका बिकट नाही. क्षेत्र थोडे असल्याने तण हाताने निघते, वाफ्यावर काडीकचऱ्याचे आच्छादन घातले की नवे तण कमी उगवते आणि उन्हाळ्यात पाणीही कमी लागते. कडेला झेंडू आणि एरंडी लावली की काही किडी भाजीऐवजी तिकडे वळतात.