हेल्गोलांड : बोट, विमान आणि मधला समुद्र



उन्हाळा जवळ आला की उत्तर जर्मनीतल्या आपल्या घरांत एक प्रश्न हमखास निघतो. "आई-बाबा आलेत, त्यांना हेल्गोलांड दाखवायचे आहे, पण तीन-चार तासांची बोट त्यांना झेपेल का? तिथे विमान जाते म्हणे!" विमान जाते हे खरे. पण ते कसले विमान, कुठे उतरते आणि कोणत्या दिवशी उडते, हे आधी माहीत असलेले बरे. त्यासाठी ही माहिती एकत्र केली आहे.

बेट कुठे आणि केवढे

उत्तर समुद्रात एल्ब नदीच्या मुखापासून दूर, तांबड्या खडकाचे हे बेट उभे आहे. कुक्सहाफेनपासून ते सुमारे ६० किलोमीटरवर आहे. मुख्य बेट जेमतेम १ चौरस किलोमीटरचे आणि शेजारचे ड्यूने हे वाळूचे बेट त्याहूनही लहान. पूर्वी ही दोन्ही बेटे जोडलेली होती. १७२० सरून १७२१ उजाडताना आलेल्या वादळी भरतीने मधली जमीन वाहून नेली. आज वस्ती सुमारे १,३०० माणसांची असून ती जवळजवळ सगळी मुख्य बेटावरच आहे.

१८०७ ते १८९० हे बेट ब्रिटिशांकडे होते. १८९० च्या करारात झांझिबारवरचा हक्क सोडून जर्मनीने ते मिळवले. दुसऱ्या महायुद्धात एप्रिल १९४५ मधल्या बॉम्बहल्ल्यानंतर रहिवाशांना बेट सोडावे लागले. एप्रिल १९४७ मध्ये ब्रिटिश नौदलाने इथले लष्करी बांधकाम उडवण्यासाठी सुमारे ६,७०० टन दारूगोळ्याचा एकच स्फोट घडवला. पुढे बॉम्बफेकीच्या सरावासाठी या बेटाचा वापर होत राहिला. १ मार्च १९५२ रोजी ते जर्मनीला परत मिळाले आणि मग लोकांनी गाव पुन्हा उभारले. त्यामुळे मुख्य भूमीशी संबंध तुटणे म्हणजे काय, हे इथल्या जुन्या घरांना चांगले ठाऊक आहे.

धावपट्टी छोटी, म्हणून विमानही छोटे

मुख्य बेटावर सपाट जागाच नाही, त्यामुळे विमानतळ ड्यूनेवर आहे. युद्धाच्या काळात समुद्रातली वाळू टाकून ड्यूने वाढवली गेली आणि तिथे लष्करी धावपट्टी झाली. आजच्या तीन धावपट्ट्यांपैकी सर्वांत लांब आहे ती फक्त ४८० मीटर. तुलनेसाठी, जर्मनीतल्याच झ्युल्ट बेटावरची मोठी धावपट्टी २ किलोमीटरहून लांब आहे. म्हणून झ्युल्टला मोठ्या कंपन्यांची जेट विमाने जातात. हेल्गोलांडला तशी विमाने उतरूच शकत नाहीत.

इथे चालते ते ब्रिटन-नॉर्मन आयलंडर. दोन पंख्यांचे हे विमान १९६५ मध्ये इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट या बेटावर प्रथम उडाले आणि आखूड पट्टीवर चढ-उतार करणे हेच त्याचे काम आहे. यात पायलट धरून दहा जागा असतात. मधून चालायला वाट नसते. मोटारीसारखे बाजूचे दार उघडून थेट आपल्या ओळीत बसायचे. स्वच्छतागृह नाही, हवाई सुंदरी नाही. एखाद्या प्रवाशाला पायलटच्या शेजारची जागाही मिळते, आणि मुलांची भांडणे बहुधा तिच्यावरूनच होतात.

नऊ जागा म्हटल्यावर तिकिटाचा हिशोबही उघड आहे. पायलट, इंधन, देखभाल आणि विमानतळ यांचा खर्च नऊ माणसांतच वाटायचा. त्यामुळे अंतर थोडे असूनही भाडे थोडे नसते.

कुठून निघते

बेटाची नियमित सेवा ओस्टफ्रीझिशर फ्लुगडीन्स्ट, म्हणजे ओएफडी, ही कंपनी चालवत आली आहे. श्लेस्विग-होल्स्टाइनमधल्या हाइडे-ब्यूसुम इथून निघाले की साधारण २० मिनिटांत ड्यूने येते.

दुसरी वाट पूर्वी ब्रेमरहाफेनहून होती. समुद्रातल्या पवनचक्क्यांसाठी नवा धक्का बांधायचा म्हणून तिथला लुनेओर्ट विमानतळ २०१६ च्या सुरुवातीला बंद झाला आणि बेटाची सेवा कुक्सहाफेनजवळच्या नॉर्डहोल्त्स या नौदलाच्या विमानतळावरून नव्याने सुरू झाली. ज्या धक्क्यासाठी विमानतळ गेला, तो धक्का मात्र कोर्टात अडकला आणि उभा राहिलाच नाही. बेटाची वाट बेटावरचे लोक ठरवत नाहीत, ती बरेचदा किनाऱ्यावरच्या कोणाच्या तरी योजनेवर अवलंबून असते, हे यावरून दिसते.

फेऱ्या ऋतूप्रमाणे बदलतात. जाण्यापूर्वी त्या वर्षीचे वेळापत्रक कंपनीकडूनच पाहून घ्यावे.

विमान की बोट?

बोटींपैकी हालुंडर जेट ही वेगवान कॅटामरान हॅम्बुर्गहून सुमारे पावणेचार तासांत आणि कुक्सहाफेनहून सव्वा तासाच्या आसपास पोहोचते. २०१५ पासून कुक्सहाफेनहून चालणारे एमएस हेल्गोलांड हे मोठे जहाज दोन तासांहून थोडा अधिक वेळ घेते आणि हिवाळ्यातही बेटाचा मोठा आधार असते.

मग विमान कशाला? उत्तर हवेत आहे. वारा सुटला आणि लाटा उंच झाल्या की आधी कॅटामरानच्या फेऱ्या रद्द होतात, फारच बिघडले तर जहाजाच्याही. अशा दिवशी आकाश स्वच्छ असेल आणि वारा मर्यादेत असेल तर छोटे विमान जाऊ शकते. उलट धुके पडले की जहाज रडारच्या भरवशावर निघते, पण विमान जमिनीवरच बसते. कारण ड्यूनेवर पायलटला धावपट्टी डोळ्यांनी पाहूनच उतरावे लागते. एकाची अडचण ती दुसऱ्याची अडचण नाही, म्हणून दोन्ही हवीत. पर्यटकाचा फार तर एक दिवस वाया जातो. पण मुख्य भूमीवर डॉक्टरची तारीख असलेल्या किंवा परीक्षा असलेल्या बेटकराचे तसे नसते. अगदी निकडीच्या वेळी जर्मन समुद्री बचाव संस्थेचे हेर्मान मारवेडे हे जहाज बेटावर तैनात असते. ४६ मीटरचे हे जहाज त्या संस्थेच्या ताफ्यातले सर्वांत मोठे आहे.

आपल्या कोकणातल्या वडीलधाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. पावसाळ्यात बंदर बंद आणि नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा बोट सुरू, हे वेळापत्रक त्यांनी जगलेले आहे.

इतर बेटांचा अनुभव

जर्मनीतच यूस्ट बेटाचे उदाहरण आहे. तिथे किनाऱ्याजवळचा समुद्र इतका उथळ आहे की मोठी बोट भरतीच्या वेळेवरच जाऊ शकते. रोजच्या वेळा त्यामुळे बदलत राहतात. नोर्डडाइखहून छोटे विमान मात्र पाच मिनिटांत नेते. इथे विमानाचा उपयोग वादळापेक्षा ओहोटीवर मात करण्यासाठी अधिक.

भारतात लक्षद्वीपमधल्या अगत्तीचा विमानतळ १९८८ मध्ये सुरू झाला. प्रशासनाचे ठाणे मात्र कवरत्तीला. म्हणजे विमानाने उतरल्यावरही पुढे समुद्र ओलांडायचाच. ड्यूनेवर उतरणाऱ्याची गत तीच, फक्त तिथला समुद्र काही मिनिटांचा आहे.

सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेनाचे. नेपोलियन जिथे कैदेत वारला तेच हे बेट. केप टाउनहून जहाजाने पाच-सहा दिवस लागत. ब्रिटिश सरकारने सुमारे २८.५ कोटी पौंड खर्चून विमानतळ बांधला. मे २०१६ मध्ये उद्घाटन ठरले होते, पण एप्रिलमधल्या चाचणी उड्डाणात वाऱ्याची दिशा आणि वेग धावपट्टीजवळ एकाएकी बदलतात असे आढळले आणि ठरलेले मोठे बोइंग रद्द करावे लागले. अखेर १४ ऑक्टोबर २०१७ रोजी एअरलिंकच्या लहान एम्ब्राएर विमानाने पहिली नियमित फेरी केली, तीही सगळ्या जागा न भरता. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, बेटाचे लाडके प्रवासी जहाज आरएमएस सेंट हेलेना निवृत्त झाले. सामान आणणारे जहाज उरले, पण माणसांसाठीची जुनी वाट मिटली. हेल्गोलांडने दोन्ही वाटा राखल्या, हे म्हणूनच महत्त्वाचे.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना

१. तिकीट काढताना प्रवाशांचे वजन विचारतात. इतक्या छोट्या विमानात भार नीट वाटावा लागतो, तेव्हा संकोच न करता खरे सांगावे. सामानावरही मर्यादा असते. मोठी चाकांची बॅग घरीच ठेवावी.

२. विमान ड्यूनेवर उतरते. तिथून छोट्या फेरीबोटीने मुख्य बेटावर जायचे. गुडघे दुखणाऱ्यांनी ही चढ-उतार लक्षात घ्यावी. मुख्य बेटावर खालच्या गावातून वरच्या गावात जायला लिफ्ट आहे.

३. बेटावर खासगी मोटार चालत नाही आणि सायकलही नाही. जर्मन वाहतूक नियमांच्या ५० व्या कलमात हेल्गोलांडचे नाव घेऊन तशी बंदी आहे.

४. बोटीने जाणार असाल तर ती बंदराला लागते की दूर नांगर टाकते, हे विचारा. दूर थांबल्यास प्रवाशांना ब्योर्टे नावाच्या लाकडी होड्यांतून किनाऱ्यावर आणतात. मुलांना मजा वाटते, पण वयस्कर मंडळींना कठीण जाते.

५. हेल्गोलांड शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे भारतातून आलेल्या पाहुण्यांना वेगळा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट मात्र जवळ ठेवावा.

६. बेट युरोपीय संघाच्या जकात हद्दीबाहेर आहे आणि जर्मन विक्रीकरही तिथे नाही. म्हणून खरेदीला गर्दी असते. परतताना जकातीच्या मर्यादा लागू होतात. नियमित विमान किंवा जहाजाने येणाऱ्या प्रौढाला इतर वस्तूंसाठी ४३० युरो, खासगी विमान किंवा नौकेने आल्यास ३०० युरो, आणि १५ वर्षांखालील मुलांना १७५ युरो. मद्य-तंबाखूची मर्यादा वेगळी.

७. जून महिन्यात समुद्रपक्ष्यांची पिल्ले कड्यावरून खाली उड्या घेतात. ४७ मीटर उंच लांगे आना हा सुळका वर्षभर दिसतो. हिवाळ्यात ड्यूनेवर करड्या सीलची पिल्ले जन्मतात. त्यांच्यापासून दूर राहूनच फोटो काढावेत.

८. सर्वांत महत्त्वाचे : आई-बाबांचे भारतात परतण्याचे विमान ज्या दिवशी आहे, त्याच्या आदल्या दिवशी हेल्गोलांडला जाऊ नका. धुके आपले तिकीट पाहत नाही. मध्ये किमान दोन दिवस मोकळे ठेवा.

एवढे सांभाळले तर ही सहल आयुष्यभर आठवणीत राहील. खिडकीबाहेर चहूकडे राखाडी पाणी, आणि मग एकाएकी समोर तांबडा खडक! आई-बाबांना घेऊन जरूर जा, आणि जाऊन आल्यावर आपला अनुभव मंडळाला अवश्य कळवा.