खाली गेरू, वर चुना

जुन्या हुबळीतल्या मातीच्या घरांत सोप्याची भिंत दोन रंगांची. जमिनीलगत हात-दीड हात गेरूचा तांबडा पट्टा, त्याच्या वर तुळईपर्यंत चुना. घरात मराठी बोलत असोत की कन्नड, भिंत हीच. आज खोलीला रंग द्यायचा म्हटले की आपण शेडकार्ड चाळत बसतो. त्या भिंतीचे रंग मात्र तिथल्या जमिनीनेच ठरवून ठेवले होते.

हुबळी दोन मातींच्या सीमेवर वसली आहे. पूर्वेला नवलगुंद-अण्णिगेरीकडे काळी कपाशीची जमीन, आणि तिच्यात चुनखडीचे खडे. पश्चिमेला कलघटगीकडे मलनाड जवळ येतो तशी माती तांबडी होत जाते. खडे भट्टीत भाजले की कळीचा चुना मिळतो. तांबडी माती चाळून कालवली की पट्ट्याचा रंग तयार.

कळीचा चुना पाण्यात पडला की खदखदतो, म्हणून तो आधी चांगला मुरू द्यायचा, मग फडक्यातून गाळून त्यात डिंक किंवा सरस घालायचा. ओल्या भिंतीवर कुंचा फिरवला की आधी काहीच दिसत नाही. वाळता वाळता पांढरेपणा वर येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुन्याची पुन्हा चुनखडी होते, म्हणजे भिंतीवर दगडाचाच पातळ थर चढतो.

पण हा चुना मोठा जहाल. त्यात हळद घातली तर ती लाल होते (कुंकवाची जुनी कृती हीच), आणि भिंतीवरचा तो लाल उन्हाने उडूनही जातो. वनस्पतींचे बहुतेक रंग असेच विटतात. टिकतात ते मातीचे, खनिजाचे रंग: गेरू, पिवडी. चुन्यात नीळ घालण्याची रीत पणजीच्याही आधीची वाटते, पण कारखान्यातली ही नीळ फार तर दोनशे वर्षांची आहे. पूर्वी तो निळा लाजवर्द दगडातून निघे आणि सोन्याच्या मोलाने विकला जाई. फ्रान्समध्ये जाँ-बातिस्त गिमे याने तोच रंग भट्टीत करून दाखवला तो १८२०च्या दशकात. ही नीळ चुन्यात टिकते आणि त्याची पिवळसर झाक मारते. काही घरांत चुन्यात मोरचूदही टाकत. भिंत फिकट हिरवट-निळी होई आणि कीड दूर राही. याच दोन पदार्थांचे बोर्डो मिश्रण १८८५च्या सुमारास फ्रान्समधल्या द्राक्षबागांतून पुढे आले. मलनाडातले सुपारीचे बागाईतदार पावसाळ्यात तेच फवारतात.

आता खालचा पट्टा. शेणाने जमीन सारवताना हात भिंतीला लागतो, शिंतोडे उडतात. पाठ टेकून बसणाऱ्यांच्या डोक्याचे तेल भिंतीला लागते. हे सगळे गेरू पोटात घेतो. वर मात्र पांढराच हवा, कारण खिडक्या लहान आणि आत येणारा थोडा उजेड खेळवायचा असतो. कुठे माणसाचे अंग लागते आणि कुठे फक्त नजर जाते, हे ओळखून रंग लावणारी ही भिंत मला आजच्या पुष्कळ खोल्यांपेक्षा शहाणी वाटते.

१८८०च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे हुबळीला आली, तिचा कारखानाही इथेच उभा राहिला. स्टेशन, शाळा, दवाखाने, कचेऱ्या यांच्या भिंतींना तेलरंगाचा पट्टा असे, आणि तो पुसता येई. घरातल्या गेरूची जागा तेलरंगाने घेतली ती या इमारती पाहूनच, असा माझा तर्क आहे. पट्टा तेवढा कमरेपर्यंत चढला.

१९४२ साली, युद्धामुळे परदेशी रंगांची आयात अडलेली असताना, मुंबईत चार मित्रांनी एशियन पेंट्स सुरू केली. १९५४ साली आर. के. लक्ष्मण यांनी तिला ब्रशवाला गट्टू काढून दिला. पुढे घरोघर डिस्टेंपर आले: आकाशी, पिस्ता, क्रीम, फिका गुलाबी. पांढऱ्यात स्टेनरचे थोडे थेंब, एवढीच त्यांची कृती. १९९०च्या दशकात दुकानांत रंग कालवणारी यंत्रे येऊ लागली आणि शेकडो छटा हाताशी आल्या. सारवण जाऊन शहाबादी फरशी आली, आणि पट्टा चार बोटांच्या स्कर्टिंगवर उरला.

जुन्या भिंतीवर नवा रंग देण्याआधी तिच्यावर तळहात घासून पाहावा. हाताला पांढरे लागले तर आत चुना आहे. तो खरवडल्याशिवाय वर प्लास्टिक पेंट दिला, तर त्याचे पापुद्रे सुटतात. भिंत मातीचीच असेल तर पुन्हा चुनाच द्यावा, कारण तो आतली ओल बाहेर पडू देतो.