'वासना' : एका शब्दाचा प्रवास

नागपूरच्या नंदनवन वस्तीत एका आजारी वृद्धेच्या भेटीस आम्ही गेलो होतो. पुढ्यातले ताट सारून त्या म्हणाल्या, "अन्नावरची वासनाच उडाली जी." शेजारी बसलेली, महाविद्यालयात शिकणारी नात ओशाळली. "आजी, पाहुण्यांसमोर असला शब्द काय बोलतेस!" आजींना यात वावगे काय, हे उमगेना. दोन पिढ्यांत दुभंगलेल्या या शब्दाचा मागोवा घ्यावा, असे आम्हांस वाटले.

'वासना' हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा मराठीत आला. 'वस्' म्हणजे राहणे. अनुभव ओसरल्यावरही चित्तात राहून गेलेला ठसा, ती वासना. पतंजलीच्या योगसूत्रांत, चौथ्या पादात, तो याच अर्थाने येतो. 'वास' म्हणजे गंध, हे नातेही जुन्या विचारवंतांनी ओळखले होते. बौद्ध आचार्य असंग यांनी तिळांचा दृष्टान्त दिला आहे : तीळ फुलांत ठेवले की फुले सुकून जातात, तिळांत मात्र त्यांचा गंध उरतो. असा ठसा मनुष्यास पुन्हा त्याच अनुभवाकडे ओढतो; म्हणून शब्दास इच्छेचा अर्थ आला. पुढे साऱ्या इच्छांतून कामेच्छाच तेवढी त्याच्या वाट्यास आली, आणि तीही निंदेसह.

असेच अन्यत्रही घडले. शुभवर्तमानाच्या मूळ ग्रीक भाषेत 'एपिथुमिया' म्हणजे उत्कट इच्छा. मत्तयच्या पाचव्या अध्यायात परस्त्रीविषयीच्या अभिलाषेसाठी याच कुळातले क्रियापद आहे. आणि लूकच्या २२व्या अध्यायात शिष्यांसह वल्हांडणाचे भोजन करण्याची आपली उत्कंठा प्रभू येशू याच शब्दाने व्यक्त करतो. लॅटिन भाषांतराने या दोन स्थळी दोन निराळे शब्द योजले. त्यांपैकी पहिल्याच्या कुळातील 'कॉन्कुपिशेन्सिया' या शब्दावर संत ऑगस्टीन यांच्यानंतर पापाची छाया गडद झाली. २००५ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 'देउस कारितास एस्त' या परिपत्रकात 'एरोस' सर्वस्वी त्याज्य न ठरविता त्याच्या शुद्धीकरणाचा मार्ग दाखविला.

विवाहाच्या उंबरठ्यावरील तरुणांशी बोलताना 'वासना' हा शब्द आम्हीही केवळ धाक घालण्यासाठी वापरीत आलो. आता वाटते, तुमची इच्छा कोणत्या फुलांत ठेवली आहे, एवढेच त्यांना विचारावे.

निघताना आम्ही प्रार्थना केली : आजींची अन्नावरची वासना परत येवो. नातीने मान वर करून पाहिले आणि 'आमेन' म्हटले.