सुसान्नेच्या बागेपासून फादर ब्राऊनपर्यंत

लंडन येथे १९२८ साली डोरोथी सेयर्स या लेखिकेने रहस्यकथांचा एक जाडजूड संग्रह संपादित केला. पो, कॉनन डॉईल, चेस्टरटन ही नावे त्यात अपेक्षितच होती. परंतु त्यांच्याही आधी, ग्रंथाच्या आरंभी, बाईंनी काही फार प्राचीन कथा ठेवल्या आणि त्यांतील दोन बायबलातून घेतल्या. एक सुसान्नेची, दुसरी बेल या दैवताची. आपल्या बायबलात या कथा दानिएलाच्या ग्रंथाच्या तेराव्या व चौदाव्या अध्यायांत आहेत. प्रॉटेस्टंट बांधवांच्या बायबलात त्या मूळ संहितेत नसतात. असल्याच तर वेगळ्या पुरवणीत असतात. आपल्या वाचकांना सुसान्ना परकी नाही. उपवासकाळाच्या पाचव्या आठवड्यात सोमवारच्या मिस्साला पहिल्या वाचनात ती आपणांस भेटते.

रहस्यकथा म्हणजे प्रवासात वाचून गाडीतच विसरून यावयाची वस्तू, असे पुष्कळ सुजाण पालकांचे मत असते. त्यांच्याशी वाद घालण्याचा आमचा हेतू नाही. त्यातील बरेचसे लेखन खरोखरच त्या योग्यतेचे असते. मात्र या कथांचे लेखक एकमेकांकडून काय काय उचलत आले, हे पाहू लागले म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. युक्त्या बदलत गेल्या, वेष बदलले, परंतु नाहक आरोप आलेला माणूस या कथांतून फारसा हलला नाही.

सुसान्नेचेच पाहा. बाबेलमधील योवाकीम या प्रतिष्ठित यहुद्याची ती पत्नी. न्यायासनावर बसणारे दोन वडीलधारे तिच्या अभिलाषेने बागेत दडून बसतात. ती वश होत नाही असे दिसताच तिने एका तरुणाशी व्यभिचार केल्याचा आळ घेतात. सभेला साक्षीदारांच्या वयाचा व पदाचा भरवसा वाटतो, आणि तिला मरणदंड ठरतो. तेव्हा कोवळ्या वयाचा दानिएल पुढे होऊन एवढेच मागतो की, या दोघांना एकमेकांपासून दूर करा. मग प्रत्येकास तो एकच प्रश्न विचारतो : त्या दोघांना कोणत्या झाडाखाली पाहिलेत? एकजण मस्तकीचे झाड सांगतो, दुसरा ओकाचे. खटला तेथेच कोसळतो. आजही निष्णात वकील उलटतपासणीत याहून निराळे काय करतो?

या झाडांवरून पुढे एक विद्वत्तापूर्ण वाद झाला, तोही एका परीने शोधकथाच आहे. इसवी सन २४० च्या सुमारास ज्युलियस आफ्रिकानस याने ओरिजेन या थोर भाष्यकारास पत्र लिहून शंका काढली की, झाडांची नावे व दानिएलाने उच्चारलेली शिक्षा यांतील शब्दांचा खेळ केवळ ग्रीक भाषेतच साधतो. मग ही कथा मूळची हिब्रू कशी असेल? ओरिजेनने लांबलचक उत्तर लिहून कथेची बाजू घेतली. आफ्रिकानसाची नजर मात्र आम्हांला अस्सल गुप्तहेराची वाटते. एका श्लेषावरून तो ग्रंथाच्या जन्मस्थानापर्यंत पोहोचू पाहतो.

बेलची कथा अधिक खेळकर आहे. दैवतापुढील अन्न रोज रात्री नाहीसे होते, तेव्हा ते दैवतच खाते, असा राजाचा विश्वास. दानिएल मंदिराच्या जमिनीवर गुपचूप राख पसरवितो. दारावर राजाची मोहोर लागते. सकाळी मोहोर शाबूत, अन्न गायब, आणि राखेवर पुरुषांची, स्त्रियांची व मुलांची पावले! पुजाऱ्यांनी मेजाखाली चोरवाट ठेवलेली असते. बंद खोलीचे रहस्य आणि पाऊलखुणांचा पुरावा, दोन्ही एकाच लहानशा गोष्टीत आले.

दुसरा प्रवाह आपल्या देशातून गेला आहे. दिल्लीचा कवी अमीर खुसरो याने १३०२ च्या सुमारास ‘हश्त बिहिश्त’ हे फारसी काव्य रचले. त्यातील तीन राजपुत्रांची कथा १५५७ साली व्हेनिस येथे इटालियन भाषेत ‘सेरेंदिपचे तीन राजपुत्र’ या रूपाने छापली गेली. सेरेंदिप म्हणजे सिंहलद्वीप. हे राजपुत्र वाटेवरील खुणांवरून न पाहिलेल्या उंटाचे वर्णन करतात. गवत एकाच बाजूचे खाल्लेले, म्हणून तो एका डोळ्याने आंधळा. चघळलेल्या गवताचे गोळे वाटेत पडलेले, म्हणून त्याचा एक दात पडलेला. या हुशारीचे बक्षीस काय? उंटाचा मालक त्यांनाच चोर ठरवितो, व उंट सापडेपर्यंत ते कैदेत पडतात. फ्रान्समध्ये व्होल्तेअरने १७४७-४८ मध्ये ‘झादिग’ लिहिताना ही युक्ती उचलली आणि उंटाऐवजी राणीची कुत्री व राजाचा घोडा घातला. तेथेही खुणा वाचणाराच आरोपी होतो. झादिग बाबेलचाच रहिवासी, हा योगायोग आम्हांला मौजेचा वाटतो.

आधुनिक रहस्यकथेचा आरंभ सामान्यतः एडगर ॲलन पो याच्या १८४१ मधील ‘रू मॉर्गमधील खून’ या कथेपासून धरतात. तिचा नायक द्यूपाँ हा पॅरिसचा, निव्वळ बुद्धीवर चालणारा. त्याच्या तर्कचातुर्यापुढे वाचक एक गोष्ट विसरतात : त्या प्रकरणात ल बों नावाचा बँकेचा गरीब कारकून तुरुंगात पडलेला असतो. त्याने पूर्वी आपल्यावर उपकार केले होते, असे द्यूपाँ म्हणतो, आणि अखेर तो कारकून सुटतो. पो या धाग्यापाशी फार रेंगाळत नाही.

शेरलॉक होम्स १८८७ साली अवतरला तो द्यूपाँला कमी लेखीतच, परंतु त्याच्या निर्मात्याने पोचे ऋण कधी लपविले नाही. कॉनन डॉईल हा येशूसंघीयांच्या स्टोनीहर्स्ट विद्यालयात शिकला व पुढे धर्मश्रद्धेपासून दूर गेला. होम्सचे निरीक्षण त्याने आपले एडिनबरोचे गुरू डॉ. जोसेफ बेल यांच्यावरून घेतले. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या (१९०६-१९९६) धनंजय-छोटू या जोडगोळीत होम्स व वॉटसन यांची सावली वाचकांनी सहज ओळखली.

परंतु डॉईलच्या कथांपेक्षाही आम्हांला त्याची एक खरी कामगिरी मोलाची वाटते. मुंबईत पारशी कुटुंबात जन्मलेले शापूरजी एडलजी ख्रिस्ती झाले आणि इंग्लंडमधील ग्रेट वायर्ली या गावी अँग्लिकन धर्मगुरू म्हणून राहिले. त्यांचा मुलगा जॉर्ज वकील होता. रात्री शेतात शिरून जनावरांवर वार केल्याच्या आरोपावरून त्याला १९०३ मध्ये सात वर्षांची शिक्षा झाली. तीन वर्षांनी तो सुटला, पण कलंक राहिला. डॉईल त्याला एका हॉटेलात भेटावयास गेला तेव्हा जॉर्ज वर्तमानपत्र डोळ्यांजवळ धरून वाचीत होता. डॉईल स्वतः नेत्रवैद्य. ज्याची दृष्टी इतकी अधू, तो अंधाऱ्या रात्री शेते व रेल्वेमार्ग ओलांडून हे कृत्य कसे करणार, हा प्रश्न त्याने १९०७ मध्ये वृत्तपत्रातून देशापुढे ठेवला. त्याच वर्षी सरकारने जॉर्जला माफी दिली. भरपाई मात्र दिली नाही. इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालय त्याच साली स्थापन झाले, त्यामागे असलेल्या लोकमतात या प्रकरणाचाही वाटा होता. सुसान्नेच्या बागेतील तो साधा प्रश्न येथे पुन्हा विचारला गेला : साक्षीदार सांगतो ते घडणे शक्य तरी होते काय?

आता फादर ब्राऊन. गिल्बर्ट चेस्टरटन विसाव्या शतकाच्या आरंभी यॉर्कशायरमधील कीली येथे फादर जॉन ओकॉनर या आयरिश धर्मगुरूंना भेटला. माळरानावरून चालताना तो आपल्या एका नियोजित लेखाविषयी बोलू लागला, तेव्हा फादरांनी दुराचाराविषयी अशा काही वस्तुस्थिती शांतपणे सांगितल्या की चेस्टरटन थक्क झाला. पुढे यजमानांच्या घरी केंब्रिजचे दोन विद्यार्थी त्याच फादरांशी बोलले, आणि ते निघून गेल्यावर म्हणाले की, माणूस विद्वान आहे, पण बिचाऱ्याला जगातील खऱ्या पापाची काय कल्पना! चेस्टरटनला हसू आवरेना. आत्मचरित्रात हा प्रसंग त्यानेच सांगितला आहे. ओकॉनर टापटिपीने राहणारे. कथेत त्याने त्यांना गबाळे केले, चेपलेली टोपी व बोजड छत्री दिली, आणि १९१० साली फादर ब्राऊन वाचकांपुढे आला.

चेस्टरटन पोकडून किती शिकला हे ‘अदृश्य माणूस’ या कथेत दिसते. पोच्या ‘चोरलेले पत्र’ या १८४४ च्या कथेत पत्र सर्वांच्या डोळ्यांसमोरच ठेवलेले असते, म्हणून कोणास दिसत नाही. चेस्टरटनने पत्राच्या जागी जिवंत माणूस उभा केला. मनुष्य म्हणून ज्याच्याकडे कोणी पाहतच नाही असा तो माणूस; आपल्या दारी रोज येणाऱ्या किती जणांना आपण असे पाहत नाही, हे वाचकाने स्वतःशीच मोजावे. फ्रेंच गुप्तहेराचे त्याने काय केले ते आणखी धीट आहे. (ज्यांनी ‘गुप्त बाग’ ही कथा वाचलेली नाही त्यांनी पुढील वाक्य वगळावे.) पहिल्या कथेत पॅरिसचा पोलीसप्रमुख व्हालाँताँ हा द्यूपाँच्या कुळातील तर्कशिरोमणी म्हणून येतो, आणि दुसऱ्याच कथेत खुनी ठरतो. तर्कबुद्धी तीव्र असली म्हणजे मनुष्य निर्दोष ठरत नाही, हे चेस्टरटनला सांगावयाचे होते. त्याउलट फ्लांबो हा पट्टीचा चोर. त्याला फादर ब्राऊन पकडून देण्यापेक्षा परत आणतो, व तो पुढे त्याचा मित्र होतो.

येथे जुना धागा एक पाऊल पुढे जातो. दानिएलाने निर्दोष स्त्रीला सोडविले. ब्राऊनला दोषी माणसाचीही चिंता आहे. १९२७ च्या ‘फादर ब्राऊनचे गुपित’ या संग्रहात तो सांगतो की, हे सारे खून मनोमन त्याने स्वतःच केले. आपणही हे करू शकलो असतो असे पटेपर्यंत तो गुन्हेगाराच्या जागी उभा राहतो. वर्षानुवर्षे कुमसार ऐकणाऱ्या कोणाही धर्मगुरूला यात अतिशयोक्ती वाटणार नाही. चेस्टरटन १९२२ साली कॅथॉलिक झाला, तेव्हा त्या विधीला फादर ओकॉनर उपस्थित होते.

त्याच वर्तुळातील दुसरे धर्मगुरू रोनाल्ड नॉक्स. अँग्लिकन बिशपांचे हे पुत्र १९१७ मध्ये कॅथॉलिक झाले, स्वतः रहस्यकादंबऱ्या लिहीत, आणि १९२९ मध्ये त्यांनी या लेखकांसाठी थट्टेने दहा आज्ञा घालून दिल्या. एक आज्ञा अशी की, कथेत चोरवाट एकापेक्षा अधिक असू नये. पुढे नॉक्स यांनी एकट्याने संपूर्ण लॅटिन बायबल इंग्रजीत आणले, तेव्हा दानिएलाचा चौदावा अध्यायही त्यांच्या हातून उतरला. बेलच्या मंदिरातील चोरवाट एकच होती.