दुरुस्ती आणि मजबुतीकरण : लोहारा परिसरातील एक जुना वाद

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या पहाटेनंतर घरमालक आणि तपासणीस आलेला कनिष्ठ अभियंता यांच्यात काही वर्षे चाललेला वाद मात्र साहित्यात जवळजवळ उतरलाच नाही. तो वाद घराविषयी होता, आणि घर म्हणजे काय याविषयीही.

तेव्हा लोहारा हा स्वतंत्र तालुका नव्हता. उमरगा तालुक्यातले ते एक मोठे गाव. आज लोहारा तालुक्यात मोडणारे सास्तूर जमीनदोस्त झाले आणि नव्या जागी वसले. अशी ५२ गावे हलवण्यात आली. तिथे घराचा आकार जमिनीवर ठरला : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. गावाने घर आजवर खणांत मोजले होते. दोन खांबांमधले अंतर हा त्या मोजणीचा आधार. त्यात माणसे, कणगी, दावणीची जनावरे सारे गृहीत असे. चौरस फुटांत हे बसत नव्हते.

मला अधिक महत्त्वाची वाटते ती न हललेल्या गावांची कथा. जागतिक बँकेच्या कर्जातून चाललेल्या पुनर्वसन कार्यक्रमात तेरा जिल्ह्यांतील सुमारे दोन लाख घरांसाठी ‘दुरुस्ती व मजबुतीकरण’ ही योजना होती. कमी नुकसानीला १७ हजार रुपये, अधिक नुकसानीला ३४ हजार. पैसे घरमालकाच्या बँक खात्यात हप्त्याहप्त्याने येत. पुढचा हप्ता अभियंत्याने काम पाहून शेरा दिल्यावर. मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ५२ नुसार गावठाणात बांधकामास पंचायतीची परवानगी लागत होतीच. पण ती बहुधा कागदापुरती. भिंत किती जाड, दगड कोणता, हे गवंडी आणि मालक ठरवत. सरकारी माणूस भिंतीला हात लावून ‘हे चालेल, हे चालणार नाही’ असे सांगतो, हा अनुभव इथे नवा होता.

अभियंत्याचे म्हणणे शास्त्राला धरून होते. दोन-अडीच फुटी भिंत बाहेरून भक्कम दिसे; आत मात्र दगडांचे दोन स्वतंत्र पदर आणि मधे चिपा-मातीची भर. हादऱ्याने पदर सुटले, भिंती कोसळल्या. वर माळवदाची दीड-दोन फूट माती, दर पावसाळ्याआधी थर चढवून वाढत गेलेली. उपाय साधे होते : माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड बसवा, दारे-खिडक्यांच्या वरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरवा, खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरके लाकूड ठोका. ज्या घरांत लाकडी सांगाडा चांगला होता तिथे भिंती पडूनही छप्पर उभे राहिले, हे गावानेही पाहिले होते.

पण गावाने दगडाखालून माणसे काढली होती. त्याच दगडात पुन्हा झोपा, फक्त पट्टा बांधून घ्या, हे सांगणे कितीही शास्त्रीय असले तरी ऐकले जाणे कठीण होते. लोकांना विटा-सिमेंटची एक नवी खोली हवी होती. नियम म्हणत होता, पैसा जुन्या घराच्या मजबुतीसाठी आहे. मग हुज्जत : जुन्या भिंतीला लागून नवी खोली बांधली तर ती दुरुस्ती की नवे बांधकाम? त्यात भावकीची गुंतागुंत. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घर एकाच्या नावावर, चुली तीन. पंचनामा एक आणि नुकसानभरपाईचे मागणारे तिघे. ‘पंचनामा’ हा शब्द आपण मृतदेहासाठीही वापरतो आणि पडक्या भिंतीसाठीही; त्या वर्षी दोन्ही पंचनामे एकाच दारात झाले.

या कोंडीत ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलेल्या गावोगावच्या स्त्रियांनी बरेच काम केले. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यांचे संघटन केले होते. अभियंत्याची भाषा घरात आणि घराची अडचण अभियंत्यापर्यंत नेणे हे त्यांचे काम. घरात सर्वाधिक वेळ वावरणाऱ्या बाईला आता पट्टा कुठून जायला हवा हेही विचारता येऊ लागले. पुढे २००१ च्या भूकंपानंतर यांतल्या काही जणी कच्छलाही गेल्या.

अखेर प्रशासन नमले. असंख्य घरी ‘मजबुतीकरण’ या नावाखाली नवी खोलीच उभी राहिली. ती भूकंपरोधक होती, हा मोठा लाभ नाकारता येणार नाही. शेजारचे माळवद मात्र पुष्कळ ठिकाणी होते तसेच राहिले. धान्य, सरपण, म्हातारी माणसे त्याच्याच आसऱ्याला. मालकाचा दगडावरचा अविश्वास समजण्यासारखा होता, पण त्यामुळे दगडाचे घर सुरक्षित करण्याची विद्या गवंड्याच्या हाती मुरण्याआधीच मागे पडली. अहवालात दोन्ही एकाच रकान्यात जमा झाले.

भूकंपापूर्वी हा सारा प्रदेश देशाच्या भूकंपनकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारणेत तो तिसऱ्या क्षेत्रात आला. लोहाऱ्यात आता नगरपंचायत आहे आणि नव्या बांधकामाला २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीची चौकट. आजूबाजूच्या खेड्यांत नमुना ८ अजूनही आहे. भिंत दगड-मातीची की सिमेंटची, हे कर आकारणीसाठी त्यात लिहिले जाते. भिंतीत आरपार दगड आहेत का, यासाठी रकाना नाही.