'अनियमित' क्रियापदाचा नियम



परभाषा शिकावयास बसलेल्या विद्यार्थ्याला व्याकरणांतील जो शब्द सर्वांत अधिक धाक घालतो, तो 'अनियमित' हा होय. या मथळ्याखालीं छापलेलीं रूपें मुकाट्यानें पाठ करावीं, त्यांची विचारपूस करूं नये, असा शाळांतील सर्वसाधारण रिवाज. आज स्पॅनिश भाषेंतील असेंच एक क्रियापद घेऊन त्याची थोडी विचारपूस करूं. हें क्रियापद 'पोदेर', म्हणजे 'शकणें'.

त्याचीं वर्तमानकाळाचीं सहा रूपें ऐकावीं. मी शकतों, 'प्वेदो'. तूं शकतोस, 'प्वेदेस'. तो शकतो, 'प्वेदे'. आम्ही शकतों, 'पोदेमोस'. तुम्ही शकतां, 'पोदेइस'. ते शकतात, 'प्वेदेन'. चार रूपांत 'पो' चा 'प्वे' झाला आणि दोहोंत तो जसाच्या तसा राहिला. कागदावर पाहतां हा केवळ लहरीपणा वाटतो. परंतु कानानें ऐकतां उलगडा होतो. 'प्वेदो', 'प्वेदेस', 'प्वेदे', 'प्वेदेन' यांत आवाजाचा आघात पहिल्या अक्षरावर पडतो. 'पोदेमोस' आणि 'पोदेइस' यांत तो दुसऱ्या अक्षरावर सरकतो. आघात असेल तेथें 'प्वे', आघात पुढें गेला कीं 'पो'. एवढाच काय तो नियम!

हा नियम आला कोठून? ख्रिस्तपूर्व २१८ मध्यें रोमन सैन्य स्पेनच्या किनाऱ्यावर उतरलें आणि त्याच्यामागून लॅटिन भाषा त्या देशांत रुजली. पंडितांच्या लॅटिनांत 'शकणें' याला 'पोस्से' म्हणत. सामान्य जनांच्या तोंडीं त्याचें 'पोतेरे' झालें. आजचें 'पोदेर' जन्मलें तें या दुसऱ्या, ग्राम्य रूपापासून. पुढें लॅटिनांतील ऱ्हस्व-दीर्घ भेद लोपला, आघाताचें महत्त्व वाढलें, आणि कास्तील प्रांताच्या बोलींत आघाताखालीं आलेल्या मूळच्या ऱ्हस्व 'ओ' चा 'वे' व ऱ्हस्व 'ए' चा 'ये' झाला. लॅटिन 'पोर्ता', म्हणजे दार, याचें 'प्वेर्ता' झालें. 'बोनुस', म्हणजे चांगला, याचें 'ब्वेनो'. 'तेर्रा', म्हणजे भूमि, याचें 'त्येर्रा'. नामांतील आघात जागचा हलत नाहीं, म्हणून तेथें नवें रूप कायमचें झालें. क्रियापदांत मात्र प्रत्ययाबरोबर आघात हलतो. म्हणून जुना व नवा असे दोन्ही स्वर एकाच घरांत नांदतात. पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. पण तिनें हा बदल स्वीकारला नाहीं. गोव्यांत १५१० पासून १९६१ पर्यंत जी राजभाषा होती, तिच्यांत दार तें 'पोर्ता' च आणि भूमि ती 'तेर्रा' च.

या नियमाची साक्ष आजही मिळते. आर्जेंटिना व उरुग्वे या देशांत 'तूं' या अर्थीं 'वोस' हें सर्वनाम रूढ आहे आणि त्याचें क्रियापद 'पोदेस' असें शेवटच्या अक्षरावर आघात देऊन उच्चारतात. आघात पुढें गेला, तेव्हां 'प्वे' ही गेला! भविष्यकाळाच्या 'पोद्रे' या रूपांतही तोच प्रकार. भूतकाळाचें 'पुदे' तेवढें निराळें. तें लॅटिनांतील 'पोतुइ' या स्वतंत्र रूपाचें वंशज आहे.

आपणांस यांत फारसें नवल वाटूं नये. आपलें 'शकणें' ज्या संस्कृत 'शक्' धातूपासून आलें, त्याचीं रूपें आठवावीं. एकवचनीं 'शक्नोमि', पण बहुवचनीं 'शक्नुमः'. वेदकालीन उच्चारांत पहिल्या रूपाचा उदात्त 'नो' वर पडे, म्हणून तेथील स्वर बळकट. दुसऱ्यांत उदात्त शेवटच्या अक्षरावर जाई, म्हणून 'नो' चा 'नु'. दोन भाषांत हजारों कोसांचें व शतकांचें अंतर. परंतु स्वराचें बळ आघातावर अवलंबून असावें, हें तत्त्व दोहींकडे एकच.

अर्थाच्या बाबतींतही मराठी माणसाला एक सोय आहे. 'मी पोहूं शकतों' आणि 'मला पोहतां येतें' यांतील भेद आपण जाणतों. स्पॅनिश मनुष्यही प्रसंगींच्या शक्यतेला 'प्वेदो' म्हणतो. शिकून आलेल्या विद्येला मात्र 'जाणणें' या अर्थाचें 'साबेर' हें क्रियापद योजतो. इंग्रजीच्या वाटेनें स्पॅनिशकडे जाणारा विद्यार्थी येथें हमखास अडखळतो. मराठीच्या वाटेनें जाणाऱ्यास अडखळण्याचें कारण नाहीं.

१४९२ सालीं आंतोनियो दे नेब्रिहा या पंडितानें सालामांका येथें कास्तिली भाषेचें व्याकरण छापून राणी इसाबेल हिला अर्पण केलें. युरोपांतील प्रचलित लोकभाषेचें छापून निघालेलें पहिलें व्याकरण हा मान त्याला देतात. परंतु 'वे' हा उच्चार कांहीं नेब्रिहानें घडविला नाहीं. सान मिय्यान येथील मठांतल्या एका लॅटिन पोथीच्या समासांत त्याच्या कित्येक शतकें आधीं कोणीं लिहून ठेविलेल्या टिपांत 'न्वेस्त्रो', म्हणजे 'आमचा', हा शब्द आढळतो. नियम घडविला तो शेतकऱ्यांनीं, मेंढपाळांनीं, बाजारांत बसणाऱ्या बायांनीं. वैय्याकरणानें तो मागाहून लिहून घेतला.

यांतून शिक्षकांनीं व पालकांनींही घेण्याजोगें कांहीं आहे. एके काळीं लॅटिन पंडिताच्या कानाला 'पोतेरे' हें अशुद्धच वाटलें असतें. त्याच अशुद्धाची संतति पुढें राणीला अर्पण झाली. तेव्हां शाळेंतील एखाद्या मुलाच्या तोंडून घरच्या बोलींतलें वेगळें रूप आलें, तर त्याला हंसण्यापूर्वीं तें रूप कोठून आलें याचा क्षणभर शोध घ्यावा. पुष्कळदां तेथें चूक नसते, जुना नियम असतो. पाठांतर आवश्यक आहेच. पण कारण कळल्यावर केलेलें पाठांतर ओझें होत नाहीं. 'अनियमित' या शब्दाचा अर्थ, ज्याचा नियम अद्याप आपण विचारला नाहीं तें, असा मुलांस सांगितला, तर त्यांची निम्मी भीति नाहींशी होईल.