पोफाळीचं धुराडं आणि उमरखेडचा बाजार

उमरखेडकरांनो, रोजगाराच्या घोषणा ऐकताना आपल्याच तालुक्याचा इतिहास आठवून बघा.

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. १९६४ मध्ये मुंबई-पुण्याबाहेर जाणाऱ्या उद्योगांना सवलती देणारी योजना आली. आपल्या भागाला मात्र मोठा आधार मिळाला तो सहकारातून, पोफाळीच्या वसंत साखर कारखान्याचा. सहकारी कारखान्यांचं सूत्र प्रवरानगरपासूनच ठरलेलं : शेतकऱ्यांचे शेअर, सरकारचं भागभांडवल आणि कर्जाला सरकारची हमी.

उसाचा पैसा शेतकऱ्याच्या घरी थांबत नाही. तोडणी मजूर, ट्रॅक्टरवाला, गॅरेज, किराणा, कापड दुकान, सगळीकडे फिरतो. म्हणूनच कारखाना बंद पडला की कामगारांसोबत बाजारही बसतो. पोफाळीचं धुराडं काही हंगाम थंड राहिलं, शेवटी कारखाना भाड्यानं द्यावा लागला.

सरकारी मदतीनं कारखाना उभा राहतो. तो टिकतो पुरेसा ऊस, वेळेवर पेमेंट आणि चोख हिशेबावर. त्यामुळे पुढाऱ्यांनी "इतके कोटी आणले" म्हटलं की एवढंच विचारा : साहेब, दहा वर्षांनी तिथं किती पोरं कामावर असतील?